मित्र गेला, त्याची सॅक राहिली

डोंगरात फिरणारा माणूस गेला की दहावं-तेरावं होईपर्यंत त्याच्या सॅककडे कुणाचं लक्ष नसतं. मग दोन-चार महिन्यांनी घरून फोन येतो. "माळ्यावर त्याचं खूप सामान पडलंय रे. आम्हाला काही कळत नाही त्यातलं. येऊन घेऊन जा." मित्र जातात, चहा घेतात, जरा वेळ गप्प बसतात आणि एकेक वस्तू आठवण म्हणून घेऊन येतात. एकाकडे रोप म्हणजे चढाईचा दोर, एकाकडे कमरेला बांधायचा हार्नेस, एकाकडे टॉर्च. पुढच्या पावसाळ्यात तोच रोप रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, निघतो, "त्याचा रोप आहे" म्हणून. चूक नेमकी इथे होते.

हे लिहायला कारण आहे, ते सांगत बसत नाही. ज्याच्यावर ही वेळ येईल त्याच्या उपयोगाचं तेवढंच लिहितो.

सगळं सामान गच्चीवर किंवा अंगणात जुन्या चादरीवर ओता, घरात नको. दोन पावसाळे माळ्यावर काढलेल्या सॅकमधून बुरशी, झुरळं, कधी उंदराचं घरटंही निघतं. प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. वरच्या झाकणाच्या आतला चपटा कप्पा हमखास राहून जातो, आणि कागद, पैसे, किल्ल्या तिथेच असतात. मग तीन ढीग करा. माणूस ज्यावर लटकतो ते सगळं पहिल्यात: रोप, हार्नेस, स्लिंगा (शिवलेल्या पट्ट्यांचे फास), कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), डिसेंडर (रोपवरून उतरायचं साधन), हेल्मेट. डोंगरात रात्र काढायला लागतं ते दुसऱ्यात: स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, टेंट, बूट, टॉर्च, स्टोव्ह, भांडी. कागद, कॅमेरा, फोन, जीपीएस तिसऱ्यात.

पहिल्या ढिगाबाबत आमचं मत कडक आहे. त्यातलं कापडी आणि प्लास्टिकचं काहीही पुन्हा वापरायचं नाही.

रोप तपासायची रीत बहुतेकांना ठाऊक असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो बोटांतून सरकवत न्यायचा. कुठे मऊ लागतो, कुठे चपटा, कुठे गाठाळ, कुठे वरचं आवरण वितळून चकचकीत झालंय, ते पाहायचं. दर हातभर अंतरावर त्याचा लहान वळसा करायचा. वळसा गोल आला तर आतला गाभा ठीक, एका जागी काटकोनात मोडला तर गाभा गेला. हे सगळं करून रोप पास झाला तरी एक गोष्ट हाताला लागत नाही, ती म्हणजे त्या रोपचा इतिहास. त्यावर कुणी किती उंचीवरून पडलं होतं? धारेवर घासला होता का? गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडून होता का? आपल्याकडे माळ्यावर किंवा जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी सामान ठेवायची पद्धत आहे. बॅटरीच्या आम्लाने, नुसत्या वाफेनेही, नायलॉन आतून कमजोर होतं आणि वरून काही दिसत नाही. या प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाला माहीत होती. काही जण रोपची वही ठेवतात: विकत घेतल्याची तारीख, प्रत्येक वापर, प्रत्येक पडणं. ती सापडली तर जपून ठेवा, पण तिच्या भरवशावरही दुसऱ्याला लटकवू नका.

वयाचाही प्रश्न आहे. नामांकित कंपन्या त्यांच्या माहितीपत्रकात नायलॉनच्या आणि प्लास्टिकच्या सामानाला तयार झाल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, कपाटात न वापरता ठेवलं असलं तरी. वर्ष कुठे पाहायचं? हार्नेसला कमरेच्या पट्ट्याच्या आत शिवलेली पट्टी असते. रोपच्या टोकावरचा कागद बहुधा झिजून गेलेला असतो, पण बऱ्याच रोपांच्या गाभ्यात एक बारीक फीत असते आणि तिच्यावर वर्ष आणि मानक छापलेलं असतं. ईएन म्हणजे युरोपीय मानक. ईएन ८९२ म्हणजे डायनॅमिक, ताणला जाणारा, चढाईचा. ईएन १८९१ म्हणजे स्टॅटिक, उतरण्याचा. रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका.

मग रोपचं करायचं काय? कापायचा, दोन-दोन मीटरचे तुकडे करून. दहा मीटरचा तुकडा ठेवला तर कुणीतरी तो रॉकपॅचवर, म्हणजे वाटेतल्या उभ्या खडकाच्या टप्प्यावर, टाकणारच. वाडीत कुणाला सबंध रोप देऊन टाकावा असंही मनात येतं. बादलीला, गुरांना चालेल. पण विहीर साफ करायला माणूसही त्याच दोराने उतरतो, म्हणून तिथेही तुकडेच द्या. कापायच्या जागी चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे द्या, मधोमध धारदार सुरीने कापा आणि टोक गॅसच्या ज्योतीवर धरून गाभा व आवरण एकजीव होईपर्यंत वितळवा. वितळलेलं नायलॉन बोटाने दाबू नका, ते कातडीला चिकटतं आणि निघत नाही. चमच्याच्या पाठीने दाबा. दोन मीटरचा तुकडा फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच शिकवायला पुरतो. कंपूत प्रत्येकाला एकेक देता येतो, आणि नवीन पोरांच्या हातात गाठी शिकायला तो गेला तर काचेच्या कपाटात गुंडाळून ठेवण्यापेक्षा ते बरं.

धातूचं सामान नुसतं पडून जुनं होत नाही, त्यामुळे कॅराबिनरला थोडी सूट आहे. गेट सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटतं का, लॉकचा आटा फिरतो का, रोप घासून खाच पडली आहे का, हे पाहा. खाच १ मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर बाद. मुंबईच्या किंवा कोकणाच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. कोमट पाण्याने धुऊन भुकटी गेली आणि खाली खड्डे दिसले तर तोही बाद. बाकीचे सॅकला बाटली अडकवायला वापरा. त्यासाठी एवढं मजबूत काही लागत नाही, पण आठवण म्हणून हेच सगळ्यात सोयीचं.

दुसऱ्या ढिगात धोका कमी आणि फजिती जास्त.

बूट दिसायला नवे असतात आणि तळवा भुसा झालेला असतो. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू फुटतो, आणि बूट वापरात नसले की हे जास्त होतं. अंगठ्याने बाजूने जोरात दाबा. चीर पडली किंवा चुरा निघाला तर ते बूट पहिल्याच तासात सोल टाकून देतील. शिवाय जुना बूट मालकाच्या पायाचा आकार घेतो. दुसऱ्याला दिला तर फोड ठरलेले. टेंट उघडताच आंबूस, ओकारीसारखा वास आला आणि कापड हाताला चिकटलं तर आतला जलरोधक थर गेला. तो दुरुस्त होत नाही, कापून खाली अंथरायला घ्या. स्लीपिंग बॅग वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली असेल तर तिची ऊब कमी झालेली असते, पण धुऊन बरीच सुधारते. सौम्य साबण, पिळायची नाही, आडवी पसरून दोन-तीन दिवस सावलीत वाळवायची, अधूनमधून गुठळ्या हाताने फोडायच्या. धुतलेली बॅग आणि कॅरीमॅट आश्रमशाळेत किंवा वाडीत थंडीच्या आधी पोचवली तर खरोखर वापरली जाते.

टॉर्चमधले सेल आधी काढा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढरा खर अल्कली असतो. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरडं. साधा झिंक-कार्बन सेल गळला तर ते आम्लधर्मी असतं, त्याला पाण्यात कालवलेला खायचा सोडा. औषधांची पिशवी न बघता कुणाला देऊ नका. मुदत संपलेलं सगळं काढा, आणि सर्पदंशासाठी ब्लेड-दोरी असलेलं जुनं किट निघालं तर तेही फेका. चिरा देणं आणि आवळून बांधणं दोन्ही घातक आहे.

आता तिसरा ढीग. खरा ऐवज इथे आहे, आणि सगळ्यात जास्त हेळसांडही इथेच होते.

डायऱ्या आधी घरच्यांना वाचू द्या. डोंगरातल्या डायरीत डोंगराबाहेरचंही पुष्कळ असतं, ते मित्रांनी आधी वाचायचं नसतं. त्यांनी होकार दिला की मग प्रती काढा. ओल लागून पानं चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, शाई दुसऱ्या पानावर जाते. पंख्याखाली डायरी उभी अर्धवट उघडून ठेवा, सुटतील तशी मधे पांढरे टिश्यू घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. पेनने लिहिलेल्या पानांचं स्कॅनिंग ३०० डीपीआयला चालतं, पेन्सिलच्या नकाशांना ६०० ठेवा. मोबाइलने फोटो काढायचे तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि पान उलटण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून पाहा. पाननंबर नसतील तर कोपऱ्यात हलक्या पेन्सिलीने घाला, नाहीतर तीनशे फोटोंचा क्रम नंतर कुणालाच लागत नाही.

मग त्या नोंदींचा उपयोग. डोंगरातली जुनी नोंद जशीच्या तशी वापरली तर माणूस अडकतो. "टाक्यात पाणी आहे" या वाक्याला महिना जोडलेला नसेल तर अर्थ नाही. डिसेंबरात काठोकाठ असलेलं टाकं एप्रिलमध्ये कोरडं किंवा हिरवं असतं. एसटीच्या वेळा सोडूनच द्या. नाळेतली, म्हणजे कड्यातल्या घळीतली, वाट दरड आली की बदलते, कारवीतली वाट गुरं फिरायची थांबली की दोन पावसाळ्यांत मिटते. वाटेला नावंही दोन असतात. घाटावरचे एक म्हणतात, कोकणातले दुसरंच, आणि डायरीत तो ज्या बाजूने गेला तिथलं नाव असतं.

वेळांचं गणित करता येतं. त्याने राजगडाबद्दल "गुंजवणे ते पद्मावती माची, दोन तास" लिहिलंय आणि तुमच्या गटाला तीन लागतात, तर तुमचा आकडा दीड. अशा दोन-तीन ओळखीच्या वाटांवर ताडून पाहा आणि अनोळखी वाटेच्या त्याच्या वेळेला दीडने गुणा. मात्र तो एकटा गेला होता की दहा जणांबरोबर, तेही डायरीत शोधा. मोठ्या गटाला प्रत्येक रॉकपॅचवर माणशी पाच-दहा मिनिटं जातात, त्याला गुणाकार पुरत नाही.

नकाशे निघतील. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट १:५०,००० प्रमाणाची, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. हरिश्चंद्रगड शीट क्रमांक ४७ ई मध्ये, राजगड ४७ एफ मध्ये. त्यावर त्याने पेन्सिलने आखलेली वाट फोनवर उतरवताना एक घोटाळा हमखास होतो. जुनी शीट एव्हरेस्ट नावाच्या मापनपद्धतीवर आहे, फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या पद्धतीवर. आपल्या भागात दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. पठारावर हे चालून जाईल, पण घाटाच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे कड्याचा माथा की पायथा एवढा फरक. शीटवरचे अक्षांश-रेखांश थेट टाइप करू नका. खिंड, देऊळ, ओढ्यांचा संगम अशा ओळखू येणाऱ्या चार जागा जुळवा आणि मग वाट बसवा.

फोन आणि खात्यांची घाई करा, कारण तिथे मुदत असते. गुगल दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं त्यातल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. सिमचं रिचार्ज थांबलं की नंबर बंद होतो आणि ओटीपी येत नाही, म्हणून घरच्यांना सांगून निदान वर्षभर सिम चालू ठेवा. जीपीएसचे ट्रॅक जीपीएक्स स्वरूपात उतरवून घ्या. फाइलच्या नावात तारीख, सुरुवातीचं गाव, शेवटचं गाव एवढं असू द्या. ट्रॅक चारचौघांत वाटण्याआधी त्याच्या घराजवळचा तुकडा कापा, आणि गिधाडांच्या घरट्यांसारख्या जागांच्या खुणाही काढून टाका. फोटोंच्या तीन प्रती: एक घरच्यांकडे, एक मित्राकडे, एक ऑनलाइन. हार्ड डिस्क एकच ठेवली तर ती कधीतरी जाणारच.

आता स्मृतीचा ट्रेक. बहुतेक कंपू पहिल्या वर्षश्राद्धाला त्याच्या आवडीच्या किल्ल्यावर जायचं ठरवतात. तारीख जुलैत आली तर नाळेची वाट नको, मेमध्ये आली तर माणशी तीन-चार लिटर पाणी आणि पहाटे सहाला सुरुवात. आई-वडील येणार असतील तर जागा त्यांच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. सिंहगडाला वरपर्यंत गाडी जाते. लोहगडाला लोहगडवाडीपासून पायऱ्या आहेत, पण पावसाळ्यातला रविवार टाळा. हरिश्चंद्रगडच हवा असेल तर पाचनईची वाट धरा. तोलार खिंडीची लांब आहे आणि नळीची वाट या दिवशी नकोच.

अशा गटात गडबड वेगळ्याच कारणाने होते. त्याचे शाळेतले मित्र, ऑफिसातले, ट्रेकमधले एकत्र येतात. कुणाची कुणाशी ओळख नाही, चालण्याचा वेग सारखा नाही, आणि नेहमी पुढाकार घेणारा माणूस या वेळी नाही. म्हणून एक जण पुढे, एक शेवटी, आदल्या दिवशीच नेमा. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजा. वर गेल्यावर लोक बोलायला लागतात, रडतात, उठवत नाही. उतरायची वेळ आधीच जाहीर करा आणि घड्याळ अशा एकाच्या हातात द्या जो मृताच्या फार जवळचा नव्हता. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण त्या दिवशी तोच एक शुद्धीवर असतो.

कड्याजवळ किंवा लेण्यात उदबत्ती, धूप, कापूर लावू नका. आग्या मोहोळ बरोबर अशाच जागी असतं, आणि धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी उठतं. आधी वर बघा. उठलंच तर हात झाडू नका, तोंड-मान कापडाने झाका आणि त्या जागेपासून लांब, दाट झाडीत शिरा. टाक्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. पुष्कळ डंख झाले, श्वास लागला, ओठ सुजले तर थांबू नका, ११२ लावा आणि उतरवायला घ्या.

अस्थी आणि राख. याची भावना समजते, तरी टाक्यात टाकू नका. गडावरचं टाकं पिण्याचं पाणी असतं, वाहत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिथे कुणीतरी बाटली भरणार असतं. तेलाचे दिवे पाण्यात सोडणंही तसंच, तवंग महिनाभर जात नाही. झाडाच्या बुंध्याशी राखेचा ढीग केला तर तिच्या खारटपणाने लहान झाड मरतं. नदीवर जे करायचं ते करा, गडावर हात रिकामे न्या.

पाटी नको. चौथरा नको. दगडावर नाव तर मुळीच नको. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचं विद्रूपीकरण केलं तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवनेरी, लोहगड, रायगड त्यात येतात; राजगड आणि साल्हेर राज्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि हे पाचही २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याला न विचारता झाडही लावता येत नाही. कुणी म्हणतं, नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवर दुघला गावाच्या वर गिर्यारोहकांच्या स्मृतीचे चोर्तेन, म्हणजे दगडी स्तूप, आहेतच ना? आहेत. तो त्या लोकांचा रिवाज आहे, त्यांच्या जागी. आपल्याकडेही रिवाज होता, वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतीच्या दगडाचा: खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. गावोगाव देवळाबाहेर ते उभे आहेत आणि बहुतेकांवर नाव नाही.

झाड लावायचंच असेल तर गडावरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नको. तिथली माती वीतभर, आणि पावसाळ्यातली नाजूक फुलं सावलीत मरतात. पायथ्याच्या शाळेत, ग्रामपंचायतीला विचारून लावा. जांभूळ, हिरडा, उंबर, आपटा, जे त्या भागात आधीपासून आहे ते. खड्डा २ फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल, मेमध्ये खणून तापू द्यायचा, पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर रोप लावायचं. रोप मरतं ते पावसाळ्यात नाही, पहिल्या मार्चमध्ये: पाणी नाही, शेळ्या आहेत, आणि वणवा. कुंपण आणि तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस ठरला नसेल तर झाड लावू नका. पायथ्याच्या घरी एक घडीचं स्ट्रेचर ठेवणं अधिक उपयोगाचं. मात्र दर सहा महिन्यांनी त्याचे पट्टे आणि पिना कोण तपासणार, हे नावानिशी ठरवायला हवं. नाहीतर त्यावर वाळवण घातलेलं दिसेल, आणि ज्याने घातलं त्याची चूक नसेल.

शेवटचं काम सगळ्यात आधी करायला हवं, पण ते डायरी वाचल्याशिवाय कळत नाही. मागच्या पानांवर वाड्यांतले नंबर असतात. पाचनईचे मामा, खिंडीतली सरबतवाली मावशी, मुक्कामाला ओसरी देणारे बाबा, अशी नावं. त्यांना कुणी कळवलेलं नसतं. दर हंगामात येणारा माणूस यंदा का आला नाही, ते त्यांना पुढच्या वर्षी कुठल्यातरी परक्या गटाकडून कळतं. फोन लागला तर फोन, नाहीतर जाऊन सांगा. फोटो न्यायचा तर काचेच्या चौकटीत न्या, चुलीच्या धुराने नुसता कागद वर्षात काळा पडतो. आणि नंबरांच्या शेजारी "मामांना ४०० द्यायचे" असं काही खरडलेलं आहे का ते बघा. बहुतेक डायऱ्यांत असतं. सुटे पैसे घेऊन जा.